थरची वाळू आणि वाऱ्याचा हिशेब

दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटीत जैसलमेरला जाण्याचा बेत अनेक मराठी घरांत आखला जातो. किल्ला पाहायचा, हवेल्या पाहायच्या आणि संध्याकाळी चाळीसेक किलोमीटरवरील सम येथे जाऊन वाळूच्या टेकडीवर उंटाच्या पाठीवरून सूर्यास्त पाहायचा, असा हा ठरलेला कार्यक्रम. या सहलीत एक गोष्ट मात्र नेहमी पाहायची राहून जाते. आपण ज्या टेकडीवर उभे असतो ती त्या दिवसांत जवळजवळ निजलेली असते. डिसेंबरातल्या मंद वाऱ्यात वाळूवर उमटलेली पावले कधीकधी दुसऱ्या दिवशीही तशीच दिसतात. त्या टेकडीचा खरा उद्योग सुरू होतो तो मार्च संपताना, आणि ऐन भरात येतो तो मे-जूनमध्ये. तेव्हा तिथे पर्यटक नसतो. असतो तो फक्त नैर्ऋत्येकडून येणारा तापलेला, हट्टी वारा.

वाळवंट म्हणजे पाऊस नसलेला प्रदेश, ही व्याख्या आपण शाळेत पाठ केलेली असते. त्यावरून वाळूच्या टेकड्या, म्हणजेच वालुकागिरी, हेही कोरडेपणाचेच अपत्य असणार, असे आपण गृहीत धरतो. दुष्काळ वाढला की वाळवंट सरकते, पाऊस वाढला की ते थांबते, इतके हे गणित सोपे वाटते. प्रत्यक्षात कोरडेपणा वाळू मोकळी करतो एवढेच. तिला चालवतो तो वारा. आणि हा वारा किती वेगाने, कोणत्या दिशेने आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यांत वाहतो, यात थोडासा जरी फरक पडला तरी टेकड्यांच्या हालचालीत त्याच्या कितीतरी पट फरक पडतो. हवामानबदलाच्या चर्चेत तापमान आणि पाऊस यांवर जितके बोलले जाते त्याच्या दशांशानेही वाऱ्यावर बोलले जात नाही. थरच्या बाबतीत तरी ही मोठीच उणीव आहे.

वाळूचा कण वाऱ्याबरोबर कसा जातो, हे आधी पाहू. धूळ आणि वाळू यांत आपण बोलताना फरक करीत नाही, पण वारा करतो. धुळीचे अतिसूक्ष्म कण एकदा वर उचलले गेले की तासन्‌तास हवेत तरंगतात. राजस्थानातील धूळ दिल्लीपर्यंत पोहोचते ती याच मार्गाने. वाळूचा कण त्या मानाने जड. तो तरंगत नाही, उड्या मारतो. वाऱ्याने ढकललेला कण उसळतो, थोडे अंतर वाऱ्याबरोबर जातो आणि तिरका खाली येऊन आदळतो. त्या आघाताने दुसरे काही कण उसळतात. कॅरमच्या फळीवर स्ट्रायकरने सोंगट्या उधळाव्यात तसा हा प्रकार. एकदा सुरू झाला की तो स्वतःच स्वतःला वाढवत नेतो. उसळण्याइतके हलके नसलेले मोठे कण या माऱ्याने जमिनीवरूनच पुढे ढकलले जातात. एकंदर वाहणाऱ्या वाळूपैकी सुमारे तीन चतुर्थांश अशी उड्या मारत जाते आणि उरलेली सरपटत. वाळूचे खरे वादळ कमरेच्या खालीच असते असे म्हणतात, ते यामुळेच.

हे सारे मोजून सांगितले ते राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने. १९२०च्या दशकात सुटीच्या दिवसांत फोर्ड मोटारी घेऊन इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात भटकणे हा या गृहस्थांचा छंद होता. वाळूत रुतलेल्या गाड्या बाहेर काढता काढता त्यांना प्रश्न पडला, की एवढी अस्ताव्यस्त वाळू इतक्या नेटक्या आकारांत का रचली जाते? परत आल्यावर त्यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात एक वायुबोगदा उभारला, त्यात वाळू ओतली आणि पंख्याने वारा सोडून मोजमाप सुरू केले. त्यातून १९४१ साली वाहत्या वाळूच्या भौतिकशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आजही या विषयाचा कोणताही अभ्यासक त्यापासूनच सुरुवात करतो. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या या वाळवंटी ज्ञानाचा ब्रिटिश सैन्याला झालेला उपयोग हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

बॅग्नॉल्ड यांच्या निष्कर्षांपैकी आपल्या विषयाचे मर्म सांगणारा एक असा : वारा वाहून नेतो त्या वाळूचे प्रमाण वाऱ्याच्या वेगाच्या घनाशी निगडित असते. वेग दुप्पट झाला तर वाळू दुप्पट नव्हे, जवळपास आठपट. शिवाय कोरडी, मोकळी वाळू हलण्यासाठी वाऱ्याला एक किमान वेग गाठावा लागतो. जमिनीपासून दहा मीटर उंचीवर मोजलेला ताशी सुमारे २२ किलोमीटर हा तो ढोबळ उंबरठा. त्याखालचा वारा कितीही दिवस वाहिला तरी टेकडीच्या दृष्टीने तो वाहिलाच नाही. आता या दोन्ही गोष्टी एकत्र करा. ताशी २८ किलोमीटर वेगाने वाहणारा वारा जर ताशी ३३ किलोमीटरने वाहू लागला, तर वेगातली वाढ अवघी वीस टक्क्यांच्या आसपास. पण वाळू वाहून नेण्याची त्याची क्षमता मात्र दुपटीहून अधिक होते. वर्षभराच्या सरासरीत हा फरक कदाचित दिसणारही नाही, कारण वाळू सरासरी वाऱ्याने हलत नसते. ती हलते वर्षातल्या मोजक्या दिवसांतल्या मोजक्या तासांत.

वेगाच्या घनाचा हा नियम आपल्याला अगदीच अनोळखी नाही. पवनचक्कीत मिळणारी ऊर्जाही वाऱ्याच्या वेगाच्या घनावर अवलंबून असते. पुण्यातील सुझलॉन कंपनीने जैसलमेरच्या माळावर उभारलेल्या हजार मेगावॉटहून अधिक क्षमतेच्या पवनचक्क्या ज्या उन्हाळी वाऱ्यावर जोमाने फिरतात, तोच वारा त्यांच्या पायथ्याशी वाळू सरकवत असतो. एकाचे उत्पन्न, दुसऱ्याची डोकेदुखी.

टेकडी चालते कशी, हेही थोडक्यात सांगायला हवे. वाऱ्याकडील तिची बाजू सौम्य चढणीची असते. वाळू त्या बाजूने वर सरकते, माथ्यावर साचते आणि आडोशाच्या बाजूचा उतार साधारण तेहेतीस-चौतीस अंशांपलीकडे गेला की घसरून खाली पडते. मागची वाळू उचलून पुढे टाकायची आणि असे करीत सबंध टेकडीनेच पुढे जायचे, हा क्रम. त्यामुळे लहान टेकडी भरभर चालते आणि मोठी रेंगाळते. मोठ्या टेकडीला एक पाऊल टाकायलाही पुष्कळ वाळू हलवावी लागते. जगातील उघड्या वाळवंटांत चार-पाच मीटर उंचीच्या टेकड्या वर्षाला वीस-तीस मीटर सरकतात, तर तीस मीटर उंचीच्या टेकड्यांना चार-पाच मीटर जातानाही वर्ष पुरत नाही.

वाऱ्याची दिशा ठरवते ती टेकडीचा आकार. वर्षभर एकाच दिशेचा वारा आणि वाळू बेताची असेल, तर चंद्रकोरीसारखे बारखाण तयार होतात. शालेय भूगोलातील ते चित्र अनेकांना आठवत असेल. त्यांची टोके वारा जातो त्या दिशेला असतात. दोन वेगवेगळ्या दिशांचे वारे आलटून पालटून वाहू लागले, की टेकडी त्या दोघांच्या मधल्या दिशेने लांबत जाते आणि सैफ नावाच्या लांबलचक वरंब्यांचे रूप घेते. वारे अनेक दिशांनी येऊ लागले की टेकडी कुठेच जात नाही. ती जागच्या जागी उंच होते आणि वरून पाहिले तर ताऱ्यासारखी दिसते. म्हणजे वाऱ्याचा वेग तसाच राहून केवळ दिशा बदलली तरी चालती टेकडी थांबू शकते आणि थांबलेली चालू लागू शकते. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील आंद्रेयास बास आणि ल्युसी डेलोबेल यांनी २०२२ मध्ये जगभरातील वालुकाप्रदेशांसाठी शतकअखेरचे जे गणित मांडले, त्यातही वेग आणि दिशा या दोन्हींतील बदल एकत्र धरले आहेत. प्रत्येक वाळवंटाचे उत्तर त्यात निराळे येते.

थरमध्ये मात्र या पुस्तकी आकारांपेक्षा वेगळाच आकार सर्वाधिक आढळतो. घोड्याच्या नालेसारखा किंवा केसांच्या आकड्यासारखा. त्याचे दोन लांब हात वारा येतो त्या दिशेला, म्हणजे नैर्ऋत्येला पसरलेले असतात आणि नाक ईशान्येला. बारखाणाच्या नेमके उलट. याचे कारण गवत आणि झुडपे. टेकडीच्या कडेची कमी उंचीची वाळू सेवण गवताने, फोगच्या झुडपांनी धरून ठेवलेली असते. मधला उघडा भाग तेवढा वारा उचलून पुढे नेतो आणि धरलेल्या कडा मागे हातांसारख्या उरतात. मारवाडीत ज्याला धोरा म्हणतात तो बहुधा असा असतो : अर्धा वाऱ्याचा, अर्धा गवताचा. पश्चिमेकडे, पाकिस्तानच्या सीमेलगत, पाऊस शंभर-दीडशे मिलिमीटरवर येतो तिथे गवताची पकड सुटते आणि मोकळे बारखाण दिसू लागतात.

आता या वाऱ्याचे वेळापत्रक पाहा. मार्चनंतर थर आणि सिंधचा प्रदेश तापू लागतो, तिथे कमी दाबाचे क्षेत्र तयार होते आणि ते भरून काढण्यासाठी अरबी समुद्राकडून वारा धावतो. आपल्या मोसमी पावसाला ओढून आणणारा हाच तो दाबाचा उतार. कोकणात हे वारे जूनच्या सुरुवातीला पाऊस घेऊन येतात. जैसलमेरला मात्र वारा आधी येतो आणि पाऊस, आलाच तर, जुलैत. या मधल्या दोन-तीन महिन्यांत जमीन वर्षातली सर्वाधिक कोरडी, गवत जनावरांनी खाऊन संपवलेले आणि वारा वर्षातला सर्वाधिक जोरदार, असा तिहेरी योग जुळून येतो. थरमध्ये वर्षभरात जितकी वाळू हलते तिचा बहुतांश याच काळात हलतो. जुलैत पहिला चांगला पाऊस पडला, वाळू ओली झाली, गवताला धुमारे फुटले, की वारा असूनही नसल्यासारखा होतो. त्यामुळे थरच्या दृष्टीने पाऊस किती पडला याइतकेच, तो वाऱ्याच्या किती दिवस मागून आला, हेही महत्त्वाचे आहे. २००२ सारख्या भीषण अवर्षणाच्या वर्षी जुलै कोरडा जातो तेव्हा वाऱ्याला महिनाभराची मुदतवाढ मिळते.

वारा कोरडेपणापेक्षा वरचढ आहे, याचा सर्वांत देखणा पुरावा थरच्या पोटातच पुरलेला आहे. वाळूचा कण सूर्यप्रकाशात असतो तेव्हा त्याची जणू पाटी कोरी होते. तो इतर वाळूखाली गाडला गेला, की आजूबाजूच्या खनिजांतील सूक्ष्म किरणोत्सर्गामुळे त्यात ऊर्जा साठू लागते. प्रयोगशाळेत ती ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर काढून मोजली, की कण किती वर्षे अंधारात होता हे कळते. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील अशोक सिंघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तंत्राने थरच्या जुन्या टेकड्यांचे वय काढले. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होते आणि हा भाग अत्यंत कोरडा होता. टेकड्या तेव्हा वाढल्या असतील, अशी अपेक्षा. पण निघाले वेगळेच. टेकड्या वाढल्याचा मोठा काळ त्यानंतर काही हजार वर्षांनी, म्हणजे साधारण चौदा ते दहा हजार वर्षांपूर्वीचा आला.

याचा अर्थ लावणे फारसे अवघड नाही. हिमयुगाच्या ऐन कोरड्या काळात मोसमी वारेच क्षीण झालेले होते. वाळू होती, गवत नव्हते, पण ढकलणारा हात नव्हता. पुढे पृथ्वी उबदार होऊ लागली, नैर्ऋत्येचे वारे पुन्हा जोर धरू लागले, मात्र पाऊस आणि गवत यांना जम बसवायला वेळ लागला. या मधल्या संधिकाळात वाऱ्याने हात धुऊन घेतला. आज आपण ज्यांना थरच्या प्राचीन टेकड्या म्हणतो त्यांतील कितीतरी त्या काळी वाढलेल्या आहेत. नंतर पाऊस वाढला, लुणकरणसर आणि डिडवाना येथील तळी भरली आणि टेकड्या गवताखाली निजल्या. म्हणजे थरमध्ये वाळू सर्वांत जास्त चालली ती हवामान सर्वांत वाईट होते तेव्हा नव्हे, तर ते सुधारत असताना. आजच्या चर्चेत ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कारण आज पुन्हा तसेच काहीसे घडत आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे माजी संचालक डॉ. बी. एन. गोस्वामी आणि पी. व्ही. राजेश यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, १९०१ ते २०१५ या काळात भारताच्या आणि पाकिस्तानच्या निमशुष्क वायव्य भागातला सरासरी पाऊस १० ते ५० टक्क्यांनी वाढला आहे. हरितगृह वायूंचे उत्सर्जन मध्यम राहिले तरी पुढे तो ५० ते २०० टक्क्यांनी वाढण्याची शक्यता त्यांनी वर्तवली आहे. मोसमी पाऊस पश्चिमेकडे सरकतो आहे, असा त्याचा अर्थ. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यात आलेला पूर किंवा जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळाने तिथेच पाडलेला धो धो पाऊस ज्यांना आठवतो त्यांना हे अगदीच अविश्वसनीय वाटणार नाही. मग थर हिरवे होणार आणि वाळूचा प्रश्न आपोआप मिटणार, असा निष्कर्ष वर्तमानपत्रांतून लगेच काढला गेला. तो काढताना वाऱ्याला कोणी विचारलेच नाही.

वाऱ्याची गोष्ट अशी, की गेल्या काही दशकांत तो पडला होता. हवामान खात्याच्या पुण्यातील संशोधकांनी १९६१ ते २००८ या काळातील देशभरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जमिनीलगतच्या वाऱ्याचा सरासरी वेग घटत गेल्याचे आढळले. हे भारतापुरतेच नव्हते. उत्तर गोलार्धात बहुतेक ठिकाणी हेच दिसत होते. वाढती घरे, वाढती झाडे यांनी वाऱ्याला अडथळा केला, असे काहींचे म्हणणे. वातावरणाच्या मोठ्या अभिसरणातच फरक पडला, असे इतरांचे. त्यानंतर २०१९ मध्ये झेनझोंग झेंग आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की २०१०च्या सुमारास ही उतरण थांबली आणि जगाच्या सरासरीत वाऱ्याचा वेग पुन्हा वाढू लागला. झाडे आणि इमारती काही २०१० साली नाहीशा झाल्या नाहीत. तेव्हा समुद्र आणि वातावरणातील दीर्घ चढउतारांकडे संशयाची सुई वळली.

एकूण जगाची सरासरी म्हणजे थर नव्हे, हे खरे. पण वारा पडलेल्या दशकांत आपण वाळू रोखण्याचे जे यश मिळवले त्यातील किती आपले आणि किती वाऱ्याचे, हा प्रश्न यातून उभा राहतो. चीनमधील मू अस या वालुकाप्रदेशाच्या बाबतीत तो जाहीरपणे विचारला गेला आहे. तिथे १९८०च्या दशकापासून टेकड्या हिरव्या झाल्या आणि त्याचे श्रेय प्रचंड वृक्षलागवडीला दिले गेले. पुढे काही अभ्यासकांनी नोंदी काढून दाखवले, की त्याच काळात तिथल्या वसंतातील वाऱ्याचा जोरही बराच ओसरला होता. लागवड व्यर्थ होती असे नव्हे. पण लावणाऱ्याला वाऱ्याने साथ दिली होती.

आपल्याकडे हे काम जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने, म्हणजे ‘काजरी’ने केले. १९५२ मध्ये वनीकरण केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था १९५९ मध्ये आजच्या रूपात आली. तिने रूढ केलेली पद्धत दिसायला अगदी साधी आहे. उन्हाळी वाऱ्याला आडव्या अशा ओळींत, काही मीटरांच्या अंतराने, सुक्या झुडपांच्या फांद्या वाळूत रोवायच्या. वाऱ्याचा वेग जमिनीलगत थोडासाच कमी होतो, पण वर सांगितलेल्या घनाच्या नियमामुळे वाळूचे वहन एकदम घटते. मग पावसाळ्यात त्या ओळींच्या आडोशाला इस्रायली बाभूळ, फोग आणि सेवण लावायचे. वारा एकाच दिशेचा असेल तिथे समांतर ओळी पुरतात. दिशा बदलत असेल तिथे बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन करावे लागतात. इंदिरा गांधी कालव्याच्या काठाने अशी लागवड झाली नसती तर कालवा वाळूनेच भरला असता. १९५८ मध्ये पायाभरणी झालेल्या आणि १९८७च्या आरंभी मोहनगढपर्यंत पाणी पोहोचवणाऱ्या या कालव्याने थरचा चेहरा बदलला, हे निर्विवाद आहे.

पण त्याच काळात दुसरीकडे उलटी कामेही झाली. पूर्वी टेकडीचा उतार नांगरायचा तर उंटाचा नांगर असे. तो वरवर ओरखडे काढी आणि फोगची मुळे शाबूत राहत. ट्रॅक्टर आला आणि टेकड्यांचे माथेही नांगरले जाऊ लागले. फोगचे लाकूड कोळशासाठी उपटले गेले. जुन्या, गवताने धरलेल्या टेकड्यांच्या अंगावर ताज्या वाळूच्या लहान टेकड्या फिरू लागल्या त्या अशा ठिकाणी. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वालुकाप्रदेशांच्या जागतिक अभ्यासात स्टीव्हन फ्रायबर्गर यांनी वाळू वाहण्याच्या क्षमतेनुसार वाळवंटांची वर्गवारी केली, तेव्हा थरची गणना सर्वांत मंद वाऱ्यांच्या वाळवंटांत झाली होती. अरबस्तान किंवा लिबियाच्या तुलनेत इथला वारा खरोखरच दुबळा आहे. म्हणूनच इथे गवत जिंकू शकते, आणि म्हणूनच गवत काढले तर काय होते हेही इथे चटकन दिसते.

गवत काढल्यानंतर ते परत येते का? याचे उत्तर इजिप्त आणि इस्रायलच्या सीमेवर मिळते. तिथे एकच वालुकाप्रदेश सीमारेषेने दुभागला आहे. पाऊस तोच, वारा तोच. १९८२ मध्ये सीमा निश्चित झाल्यावर इस्रायलच्या बाजूची चराई थांबली आणि वाळूवर सूक्ष्मजीवांचा पातळ, काळपट पापुद्रा धरला. इजिप्तच्या बाजूला चराई चालू राहिली आणि वाळू उघडी राहिली. उपग्रहाच्या छायाचित्रात ती सीमा पट्टीने आखल्यासारखी दिसते. एकीकडे गडद, दुसरीकडे लख्ख पांढरी. हाइम त्सोआर या इस्रायली भूरूपशास्त्रज्ञाने त्यावरून दाखवले, की एकाच वाऱ्यात टेकडी झाकलेली राहू शकते आणि उघडीही राहू शकते. ती आधी कशी होती यावर सारे अवलंबून असते. झाकलेली टेकडी बऱ्यापैकी वारा सोसते. मात्र एकदा ती उघडी पडली, की ज्या वाऱ्यात ती आधी सुखाने झाकलेली होती त्याच वाऱ्यात तिच्यावर रोपटे तग धरत नाही. मुळाखालची वाळू निघून जाते. पुन्हा झाकली जाण्यासाठी वारा पूर्वीपेक्षा बराच खाली यावा लागतो.

म्हणजे इथे नुकसान हळूहळू होत नाही आणि भरूनही हळूहळू येत नाही. दक्षिण आफ्रिकेतील कलहारीच्या निजलेल्या टेकड्यांबद्दल डेव्हिड थॉमस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दिलेला इशारा याच धर्तीचा होता. ओलावा घटला आणि वारा वाढला तर या शतकाच्या अखेरीपर्यंत दक्षिण आफ्रिकेपासून अंगोला-झांबियापर्यंतच्या टेकड्या पुन्हा चालू लागतील, असे त्यांचे गणित. ते जसेच्या तसे खरे ठरेलच असे नाही. भविष्यातल्या वाऱ्याचे अंदाज पावसाच्या अंदाजांहूनही डळमळीत असतात. थरमध्ये पावसाची दिशा कलहारीच्या उलट आहे, हे आपले भाग्य. मात्र मे आणि जूनचा वारा पावसाची वाट पाहत नाही, हे विसरून चालणार नाही.

टेकडी चालू लागली की तिचे बिल कोणाला येते? बाडमेर-मुनाबाव लोहमार्गावर उन्हाळ्यात वाळू साचते आणि ती उपसण्यासाठी माणसे लावावी लागतात. २००६ ते २०१९ या काळात भारत-पाकिस्तान दरम्यान धावलेली थर एक्स्प्रेस याच मार्गाने जात असे. जैसलमेरच्या शाहगढ भागात सीमेवरचे कुंपणच सरकत्या वाळूखाली जाते आणि सीमा सुरक्षा दलाला ते पुन्हा मोकळे करावे लागते. फलोदीजवळच्या भडला येथे २,२४५ मेगावॉट क्षमतेचे सौर उद्यान उभे आहे. तिथल्या काचांवर बसणारी धूळ हा रोजचा शत्रू, म्हणून त्या पुसायला यंत्रमानव ठेवले आहेत. सौर प्रकल्पासाठी सपाट जमीन लागते आणि सपाट करताना झुडपे, गवत आणि वरचा घट्ट थर निघून जातो. काचांच्या रांगा वाऱ्याला काही अंशी अडवतात हे खरे, पण त्यांच्या भोवतीचा नुकताच खरवडलेला माळ पहिल्या उन्हाळ्याला उघड्या अंगाने सामोरा जातो. सूर्यापासून वीज मिळवायलाच हवी, त्याला पर्याय नाही. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात काचा पुसण्याचा खर्च जसा असतो तसा नैर्ऋत्येच्या कडेला सेवण लावण्याचाही असावा, एवढीच अपेक्षा. त्याला लागणारा पैसा यंत्रमानवांच्या मानाने किरकोळ आहे.

पुढच्या सुटीत सम येथे गेलात तर सूर्यास्ताआधी थोडा वेळ टेकडीच्या माथ्यावरची धार न्याहाळा. मोठा, तीव्र उतार सामान्यतः ईशान्येकडे उतरलेला दिसेल. ते मे-जूनच्या वाऱ्याचे काम. पण अगदी माथ्यावर, वीतभर उंचीची एक नाजूक कड उलट्या दिशेला, नैर्ऋत्येकडे झुकलेली दिसण्याचा संभव आहे. हिवाळ्यातल्या ईशान्येच्या दुबळ्या वाऱ्याने चार महिने खपून तेवढीच केलेली असते. एप्रिलच्या पहिल्या दोन-चार वादळांत ती पुसली जाते.